कडेचा किरण

१२ डिसेंबर १९३९, भोर

आज नोकरी सोडली. हजेरीपट हेडमास्तरांच्या टेबलावर आपटायचा होता, तो त्यांच्या टोपीला लागला. लागला तर लागला.

कारण काय, तर मॅट्रिकचं गणित माझ्याकडून काढून मला खालच्या वर्गांना चित्रकला देणार होते. नऊ वर्षं गणित शिकवलं, त्याचं हे बक्षीस. "आनंदराव, मुलं तुमच्या तासाला पोटदुखीचं सोंग घेऊन घरी जातात," म्हणाले. सोंग मुलं घेतात आणि दोष माझा? तसं विचारलं. मग हजेरीपट.

सगुणाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता काय करायचं?" माणूस अपमान गिळून घरी येतो आणि बायको विचारते, काय करायचं! जेवलो नाही.

१९ डिसेंबर

रायबाचं पत्र. कॉलेजात माझ्या वहीतली उत्तरं उतरवून पास झालेला रायबा आता पुण्यात, कसब्यात, भिंगांचा कारखाना चालवतो. लढाई सुरू झाल्यापासून जर्मनीचा माल बंद आहे. तंबू घेऊन गावोगाव फिरणाऱ्या सिनेमावाल्यांना पडद्यावर चित्र टाकायचं भिंग मिळेनासं झालंय. रायबाला ते इथेच घडवायचंय. तीन काचा, कडेच्या दोन फुगीर, मधली खोलगट. काच घासणारा कसबी माणूस त्याच्याकडे आहे, गणित करणारा नाही.

"काच एकदा घासली की परत भरून येत नाही," असं त्याने लिहिलंय. "म्हणून किरण आधी कागदावर चालवून बघायचे. हे तुझ्याशिवाय कोणाला जमेल?"

कोणालाच नाही. हे त्या टोपीवाल्याला कळलं पाहिजे.

२ जानेवारी १९४०

कामाला लागलो. कसं चालतं ते लिहून ठेवतो. तीन काचांना सहा पृष्ठं. एक किरण घ्यायचा. तो पहिल्या पृष्ठावर कुठे टेकला, तिथल्या लंबाशी त्याचा कोन किती, काचेत शिरताना किती वळला, हे काढायचं. मग दुसरं पृष्ठ, तिसरं, असं सहाव्यापर्यंत. शेवटी तो मधल्या रेषेला कुठे छेदतो ते बघायचं. भिंगाच्या मध्यातून जाणारे किरण आणि कडेने जाणारे किरण एकाच बिंदूत आले, तर चित्र रेखीव. नाही आले, तर धुरकट. एका किरणाला अख्खी सकाळ जाते.

गुणाकार-भागाकार लॉगॅरिथमच्या पुस्तकावरून करतो. सगुणा पुस्तक घेऊन समोर बसते, मी मागेन तो आकडा वाचते. सातवी पास बायको एवढ्यापुरती पुरते. एक गोष्ट तिला तीनदा समजावून सांगावी लागली: ऋण संख्येला लॉगॅरिथम नसतो. म्हणून वजाचं चिन्ह बाजूला ठेवायचं आणि आकड्याच्या शेजारी बारीक 'ऋ' लिहायचा. शेवटी उत्तर काढताना तो 'ऋ' बघून चिन्ह परत लावायचं.

"आणि तो 'ऋ' लिहायचाच राहिला तर?" तिने विचारलं.

"मी विसरत नसतो," म्हणालो.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारचे तिळगूळ घेऊन आले, गोड बोला म्हणाले. मला वेळ नाही, असं आतूनच सांगितलं.

मधले किरण शेवटच्या काचेपासून एकशे चाळीस मिलिमीटरवर मिळतात. कडेचा किरण हरामखोर एकशे अठ्ठावीसवरच आडवा जातो. वक्रता बदलली. एकशे सव्वीस. परत बदलली. एकशे सत्तावीस. बारा दिवस हेच चाललंय. पेन्सिल मोडून भिंतीवर फेकली.

सगुणा म्हणाली, "कडेचे किरण येऊच दिले नाहीत तर?"

अंधारात मारलेला दगड, पण लागला. भिंगात छिद्राची चकती बसवतात ती ह्याचसाठी. छिद्र लहान केलं की कडेचे किरण अडतात आणि चित्र सुधारतं. रायबाला तसं कळवलं.

२८ जानेवारी

रायबाचं उत्तर: छिद्र लहान करायचं नाही. सिनेमावाल्यांचे दिवे मिणमिणते. छिद्र लहान केलं तर पडद्यावर अंधार, आणि लोक तंबूत दगड मारतात. "छिद्र आहे तेवढंच ठेव, किरण सरळ कर. तुझ्यासारख्याला काय अवघड आहे?"

स्वतः एक बेरीज करून बघ म्हणावं.

सगुणा हल्ली पाठकोऱ्या कागदांवर काहीतरी खरडत असते. विंझरला माहेरी चिठ्ठ्या लिहीत असणार, माझ्या तक्रारींच्या. आमटी दोनदा करपली.

९ फेब्रुवारी

फत्ते! मधल्या काचेची मागची बाजू जरा सपाट केली, आणि कडेचा किरण एकशे एकोणचाळीस दशांश आठवर आला. पाच आठवड्यांची झुंज. मी मोठ्याने ओरडलो.

तेवढ्यात सगुणाने माती केली. "अहो, चौथ्या पृष्ठावर 'ऋ' लिहायचा राहिला का? कोन लहान आहे, अंशभरही नाही, चाळीस मिनिटांचाच, पण मला वाटतं तो लंबाच्या पलीकडच्या..."

पुढचं ऐकलंच नाही. "तुला वाटतं? तू कधीपासून वाटून घ्यायला लागलीस?" आणि हातातलं लॉगॅरिथमचं पुस्तक चुलीकडे भिरकावलं. चूल पेटलेली नव्हती. तरी तिने ते झडप घालून उचललं, राख झटकली आणि फळीवर ठेवलं.

कागद दुपारच्या टपालाने रवाना केले.

१२ फेब्रुवारी

सगुणा विंझरला गेली. आईच्या गुडघ्याचं कारण सांगितलं. जाऊ दे. घर शांत आहे.

१७ मार्च

आज पुण्यात होतो. भिंग तयार झालं आणि नासलं.

कारखान्यात चादर टांगून चित्र टाकलं. अक्षरांवर दुधाची साय धरल्यासारखं दिसत होतं. रायबाने काळ्या कागदाला भोक पाडून तो भिंगापुढे धरला. चित्र झटकन रेखीव झालं, पण काळवंडलं. कागद काढला की परत साय.

"म्हणजे खोट कडेला आहे," रायबा म्हणाला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझं डोकं फिरलं. "माझा कडेचा किरण बरोबर आहे. माझा गणिताचा कागद काढून बघ. काचेच्या कडा घासताना उतरल्यात."

काच घासणारा गेनबा तिथेच उभा होता. पन्नाशीचा, कामथडीचा. पॉलिशच्या पुडीने त्याचे हात मनगटापर्यंत लाल झालेले. तो सावकाश म्हणाला, "मास्तर, कडा उतरल्या न्हाईत. नमुन्याच्या काचंवर ठिवून बगा. रंगाच्या रेगा कडंपत्तुर सरळ हायेत, कड उतरली आसती तर वाकल्या आसत्या. म्या धा डाव बगितलं."

"रेघा बघून भिंग कळत नाही. त्याला गणित लागतं."

"आसंल. पर काच खोटं बोलत न्हाई."

"मग मी खोटं बोलतो?"

रायबा मध्ये पडला. सिनेमावाला दुपारी येणार होता, त्याला काहीतरी सांगणं भाग होतं. रायबाने गेनबाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. अकरा वर्षं तो तिथे होता, असं नंतर कोणीतरी म्हणालं. गेनबाने बादलीत हात धुतले. लाल रंग लवकर जाईना. तो घासत राहिला, आणि सगळे कारागीर माना खाली घालून त्या पाण्याचा आवाज ऐकत राहिले.

चूक ज्याची त्याने भोगावी. मी बरोबर होतो.

२० मार्च

मी बरोबर होतो. तरी चीड जात नाही. "काच खोटं बोलत न्हाई" म्हणे. चारचौघांत.

२ एप्रिल

सगुणा परवा परत आली. आज ती नदीवर गेली असताना मी पाठकोरे कागद शोधत होतो. ट्रंकेवर तिचा गठ्ठा सापडला. माहेरच्या चिठ्ठ्या नव्हेत. किरण आहेत. माझेच किरण, सगळे, पहिल्यापासून. तिने एकेक परत चालवलाय. सुरुवातीचे आकडे वेडेवाकडे आहेत, खोडलेले आहेत. पुढेपुढे माझ्यापेक्षा स्वच्छ.

९ फेब्रुवारीचा कडेचा किरण. चौथं पृष्ठ. आकड्याशेजारी 'ऋ', आणि त्याभोवती पेन्सिलने गोल. खाली उत्तर: एकशे एकोणतीस.

माझा कागद काढला. 'ऋ' नाही.

तीनदा गणित केलं. एकशे एकोणतीस. एकशे एकोणतीस. एकशे एकोणतीस. लंबाच्या एका बाजूचा कोन मी दुसऱ्या बाजूचा धरला. तेवढ्याने किरण अकरा मिलिमीटर सरकला आणि मला हवा तिथे जाऊन बसला. मला हवा होता म्हणून मी पुन्हा बघितलंच नाही.

३ एप्रिल

गेनबाचे हात आठवतात.

४ एप्रिल

सगुणावर ओरडलो. "तुला माहीत होतं, तर सांगितलं का नाहीस?"

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. "सांगितलं होतं."

"नीट सांगायचं होतंस! हट्ट धरायचा होतास!"

"पुस्तक फेकल्यावर?"

मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. बऱ्याच वेळाने ती आली आणि म्हणाली, "तुमच्या त्या किरणापायी कुणाचं काही बिघडलं का?" गेनबाचं तिला काहीच माहीत नव्हतं. सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही मला मारणार.

"कामथडीला कधी जायचं?" तिने विचारलं.

"पत्र लिहितो."

"त्यांना वाचता येतं का?"

९ एप्रिल

कापूरहोळपर्यंत सर्व्हिस मोटार आणि तिथून चालत कामथडी. सगुणा बरोबर आली. नको म्हणालो होतो. ऐकलं नाही.

गेनबा बांधावर दगड रचत होता. मला बघून उभा राहिला, रामराम केला नाही. मी घरून घोकून आणलेलं सगळं विसरलो. "चूक माझी होती. गणितात. तुझ्या कडा बरोबर होत्या," एवढंच बोललो.

त्याने हातातला दगड खाली टाकला. "तीन हप्तं झालं. गावात लोक इच्यारत्यात, गेनबा, कारखान्यातनं काय चोरलंस? अकरा वर्साचा मानूस उगाच काडत न्हाईत म्हनत्यात. माज्या पोरीचं लगीन मोडलं त्यापायी. ठावं हाय तुमास्नी?"

ठाऊक नव्हतं. त्याची बायको ठकुबाई दारात येऊन उभी राहिली. पाणीसुद्धा विचारलं नाही तिने. बरोबर केलं.

"मी रायबाला सांगतो. लिहून देतो," म्हणालो.

"काय लिवनार? आकडं? तवा बी आकड्यावरच माजी भाकर गेली. आन आता म्हनताय आकडं दुसरंच हायेत. उद्या तिसरं निगतील. मला डोळ्यानं दावा. किरन कुटनं कसा जातो त्ये मला दिसलं पायजे. मंग म्या तुमच्यासंगं येतो."

मला राग आला. अडाणी माणसाला सहा पृष्ठांचं गणित डोळ्यांनी कसं दाखवू? तोंडून काहीतरी वेडंवाकडं निघणार होतं, तेवढ्यात सगुणा ठकुबाईला म्हणाली, "तुमचं खळं मोकळं आहे का?"

१४ एप्रिल

आज ते खळ्यावर केलं.

ज्वारीची मळणी उरकलेली, जमीन शेणाने सारवलेली, पाटीसारखी सपाट. भिंग वीसपट मोठं काढायचं ठरलं. खुंटी ठोकून दोरीने एकेक कमान फिरवली आणि राखेने रेघ ओढली. सहा कमानी. छिद्राच्या जागी मध्ये फट ठेवून दोन विटा मांडल्या. किरण म्हणून ठकुबाईचा गोधडीचा दोरा.

वळवायला आकडे वापरायचे नाहीत, ही सगुणाची अट. म्हणून दोन वर्तुळांची जुनी युक्ती काढली. किरण कमानीला टेकतो तिथे दोरीने दोन वर्तुळं काढायची, एक हवेचं, एक काचेचं. काच जितकी जड तितकं तिचं वर्तुळ मोठं. किरण एका वर्तुळाला छेदतो तिथून लंबाला समांतर दोरा ताणायचा, तो दुसऱ्या वर्तुळाला गाठतो, तीच पुढची दिशा. अक्षरओळख लागत नाही.

सकाळी आठला सुरुवात केली. मी रांगत होतो, सगुणा दोरा धरत होती, गेनबा खुंट्या ठोकत होता. ठकुबाई आधी लांब उभी होती, मग वारा राख उडवायला लागला तशी ती येऊन चवड्यावर बसली आणि पदराने आडोसा धरला. मधले दोन किरण सहज गेले आणि एका खुंटीवर मिळाले. गेनबाने तिथे दोऱ्याला गाठ मारली.

मग कडेचा. पहिली कमान, दुसरी, तिसरी. चौथ्या कमानीवर आम्ही सगळेच थांबलो. गेनबा पालथा झोपला, एक डोळा मिटून दोऱ्याच्या रेषेत बघायला लागला. काचेची कड तो अशीच बघत असणार.

"सूत लंबाच्या ह्या अंगाला पडलं," तो म्हणाला. "बोटभर. मास्तर, तुमच्या कागदावर कुटल्या अंगाला हुतं?"

"त्या."

आम्ही दोरा पुढे नेला. गाठीच्या चांगला वीतभर अलीकडेच तो मधली रेघ ओलांडून गेला. गेनबाने पायाने दोन्ही विटा आत सारल्या, कडेचा दोरा विटेखाली दबला, आणि बाकीचे गाठीवर नीट मिळालेले राहिले.

"हे मालकाचं कागदाचं भोक," तो म्हणाला. विटा परत बाहेर ओढल्या. "आन ही साय."

मग तो खाली बसला आणि रडला. माझ्याकडे पाठ करून. मी काय करावं मला कळेना. रागावताही येईना. ठकुबाईने तांब्या आणला, आधी त्याला दिला, मग सगुणाला, आणि शेवटी मला.

निघताना गेनबा मधल्या कमानीपाशी उकिडवा बसला. "ही मदली काच अंमळ मागं सारली तर?"

"जमणार नाही," मी म्हणालो.

"बघावं लागेल," सगुणा म्हणाली.

१८ एप्रिल

पुण्यात, कारखान्यात. गेनबा आणि सगुणा बरोबर. रायबाला सगळं सांगितलं. तो मला बाजूच्या खोलीत घेऊन गेला आणि दार लोटलं.

"गेनबाला घेतो परत. उद्यापासून. पण आनंदा, बाहेर बोलू नको. सिनेमावाल्याला मी सांगून बसलोय की कारागिराने काच बिघडवली. गणितच चुकलं म्हटलं तर तो आपल्याकडे परत येईल का? कारागिराची चूक काय, कुठल्याही कारखान्यात होते."

"त्याच्या मुलीचं लग्न मोडलं."

"मग तू काय करणार?"

मी दार उघडलं. दहा-बारा माणसं चाकांवर बसली होती. ओरडलो. ओरडणं मला येतं. "भिंग गेनबाने बिघडवलं नाही! मी बिघडवलं! माझ्या कागदात चूक होती, माझ्या बायकोने दाखवली तरी मी ऐकलं नाही, आणि ह्याच जागी उभं राहून ह्या माणसावर आळ घेतला!" चाकं थांबली. एकजण उठला आणि गेनबाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तेच लिहून रायबापुढे टाकलं, एक कागद सिनेमावाल्यासाठी, एक कामथडीच्या पाटलांसाठी.

रायबाचे कान लाल झाले. "तुझं माझं काम संपलं," म्हणाला.

"संपू दे."

तेव्हा गेनबा बोलला. "मालक, मला याचंय. पर गनित बाईंनी तपासल्याबिगर म्या चाकावर काच चडवनार न्हाई."

रायबाने सगुणाकडे पाहिलं. ती दाराशी, डोक्यावरचा पदर सारखा करत उभी होती. हातात तिचा गठ्ठा. त्याने तो मागितला. उभ्या उभ्या चाळला, मग बसून चाळला.

२० मे

काम चालू आहे. सगुणा करते, पुस्तक मी वाचतो. गेनबाची सूचना धरून मधली काच मागे घेतलीय. हे फार चिडायला लावणारं आहे. ती मला "परत सांगा" म्हणते. एका आकड्याला दोनदा, तीनदा. नऊ वर्षांत माझ्या वर्गात एकाही मुलाने मला परत सांगा म्हटलं नव्हतं. एकानेही नाही. चांगला वर्ग होता माझा.

११ जून

कडेचा किरण एकशे चाळीस दशांश एक. मी ओरडलो. ती म्हणाली, थांबा, आणि सगळे 'ऋ' पहिल्यापासून बोट लावून मोजले. मग गोधडी घेऊन निवांत निजली. भर दुपारी.

२९ जुलै

सकाळी टपाल आलं. पाकिटावर रायबाचं अक्षर: सौ. सगुणाबाई शिळीमकर, भोर.

माझं नाव कुठेच नाही. पाकीट खिशात घातलं आणि राजवाड्यापर्यंत चालत गेलो, तिथून नदीपर्यंत, मग परत. फार राग आला होता. पाकीट फोडावंसं वाटलं. नदीत टाकावंसं वाटलं, हेही लिहितो. मग घरी येऊन तिच्या हातात दिलं.

तिने उभ्यानेच वाचलं. भिंग झालं. चित्र चारी कोपऱ्यांपर्यंत रेखीव, छिद्र आहे तेवढंच. गेनबाने चित्र स्वतः पंधरा फुटांवर टाकून दाखवलं. सिनेमावाल्याला तसलीच आणखी दोन हवीत. गेनबाच्या मुलीचं पाटलांनी पुन्हा जुळवून दिलं, असंही शेवटी होतं. तिने ती ओळ मला मोठ्याने वाचून दाखवली, आणि परत एकदा वाचली.

मग विचारलं, "कधी आलं हे?"

"सकाळी."

तिने दाराबाहेर पाहिलं. ऊन ओट्याच्या खाली उतरलं होतं. पत्र घडी करून तिने पुस्तकात ठेवलं.

"पुढच्या वेळी आलं की लगेच द्या."

देईन.